कोयत्यात न धरलेली पोर

आमच्याकडे ऊसतोडीला निघालेल्या माणसापुढं रडत नाहीत. तेलगावच्या आसपासच्या कुठल्याही वस्तीवर विचारा, बायका हेच सांगतील. दसरा झाला की टोळ्या निघतात. ट्रॅक्टर दारात लागतो, ट्रॉलीत भांडी, पत्रे, गोधड्या, एखादी कोंबडी असं सगळं बिऱ्हाड चढतं, कोयत्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. निघणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मागं राहिलेले "या" म्हणतात आणि तोंड घट्ट मिटून उभे राहतात. रडायचं ते ट्रॅक्टर लिंबाच्या वळणाआड गेल्यावर, घरात येऊन, पदर तोंडात कोंबून. लेकरांना तर त्या वेळेला दारात ठेवतच नाहीत. त्यांच्या हातावर गुळाचा खडा द्यायचा आणि मागच्या अंगणात शेळीला पाला घालायला बसवायचं. माझी सासू म्हणायची, निघत्या माणसानं लेकराचं रडू बघितलं की फडात कोयता उसावर न पडता बोटावर पडतो. खरं-खोटं देवाला ठाऊक. मला त्यात एवढंच कळतं की जे रडू थांबवणं आपल्या हातात नाही, ते बघत उभं राहू नये.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या एका दुपारच्या रडण्यावर उभं राहिलं.

मला दोन लेकं. थोरला आणि त्याची बायको दरवर्षी कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातात. त्यांची लेक, माझी नात, तिसरीत शिकते. ती माझ्यापाशी राहते. धाकट्याचं लग्न व्हायचंय. तो बारावी झाला, मग काही दिवस परळीला एका दुकानात होता, ते सोडून घरी आला आणि फोन घेऊन बसला. बसला म्हणजे नुसता बघत नव्हता, व्हिडिओ काढून टाकत होता. आमची म्हैस, आमचा नळ, मी भाकरी थापते तशी. माझ्या भाकरीला कुणी विचारलं नाही. म्हशीला थोडं विचारलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रॅक्टर लागला. पोरीला मी मागं शेळीपाशी बसवलं होतं. पण ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि ती हातातला पाला टाकून घराच्या बाजूनं धावत पुढं आली. मला धरता आली नाही. ट्रॉलीच्या मागं धावत "मम्मी, मला ने" असं ती वळणापर्यंत ओरडत गेली. तिथं पडली, गुडघा फुटला. सून ट्रॉलीत पाठ करून बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, कारण तिला रीत माहीत होती. आणि माझा धाकटा पोरीला उचलायचं सोडून तिच्या मागंमागं फोन धरून पळत होता. मला वाटलं, तो तिला धरायलाच पळतोय.

संध्याकाळी त्यानं ते टाकलं. दोन दिवसांत अख्ख्या जगानं माझ्या नातीचं रडू बघितलं. फाट्यावरचा चहावाला मला म्हणाला, "मावशी, तुमच्या नातीनं रडवलं की ओ आमाला." तो डोळे पुसून हसत होता. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? कुणाला काय वाटावं, त्याला आपण कोण अडवणार?

पण धाकट्याच्या डोक्यात त्या दिवसापासून किडा शिरला. आठवडा गेला नसेल, त्यानं शेजारचा रिकामा ट्रॅक्टर मागून आणला. शेजारणीला माझ्या सुनेच्या रंगाची साडी नेसवून ट्रॉलीत पाठमोरी बसवलं. आणि पोरीला म्हणाला, पळ.

पोर म्हणाली, "पण मम्मी तर गेली."

"माहीत हाय. तरी पळ. आन् गेल्या बारीला म्हणलीस तसंच म्हण."

मी आडवी गेले. म्हटलं, अरे, ज्या दारात त्या दिवशी आम्ही डोळ्याला पाणी येऊ दिलं नाही, त्या दारात तू लेकराला मुद्दाम रडायला लावतोस? तुझा भाऊ तिकडं कोयता चालवतोय. तो म्हणाला, माय, तू बाजूला सर, तू फ्रेममध्ये येतीस. पोर पहिल्यांदा रडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग त्यानं तिला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं आणि ती खरंच रडली. काय सांगितलं हे मी नंतर पोरीला विचारलं. तो म्हणाला होता, डोळे मिटून त्या दिवशीचा ट्रॅक्टर आठव. तेव्हापासून तिला रडायची ही युक्ती लागली. सांगितलं की डोळे मिटायची, क्षणभर थांबायची आणि डोळ्यांतून धार. लोक म्हणायचे, काय गुणी पोर आहे.

आता आमच्या घरात गॅस आहे, तो त्यानं गोधडी टाकून झाकला आणि परसातली जुनी चूल आत आणून मांडली. नळाला पाणी येतं, तरी पोरीच्या डोक्यावर घागर देऊन तिला हापशापर्यंत चालवलं. तिचा चांगला फ्रॉक पेटीत गेला आणि कधीकाळी शेळीच्या अंगावर टाकायला काढलेला फाटका बाहेर आला. मी रोज सकाळी तेल लावून तिच्या दोन वेण्या घालते, लाल रिबिनीच्या. शाळेतून आली की तो त्या सोडायचा. बोटांनी केस विस्कटायचा, कपाळावर आणायचा. ती मुकाट्यानं मान पुढं करायची. बाकी सगळं एक वेळ बघून घ्यायचे, पण तो वेण्या सोडायला लागला की मी उठून परसात जायचे. गरिबाच्या घरात लेकराला एवढं तरी नीटनेटकं ठेवता येतं, त्यात आईबाप आणि म्हाताऱ्या जीव ओततात. आणि हा आमचा नीटनेटकेपणा रोज दुपारी उसवून जगाला दाखवत होता की बघा, आम्ही किती वाईट राहतो.

मग लाइव्ह सुरू झालं. दिवेलागणीला बाकीची पोरं लिंबाखाली लपाछपी खेळायची आणि ही फोनपुढं बसायची. त्या काचेवर माणसं दिसत नाहीत, नावं पळतात. कुणी फूल पाठवतं, कुणी मुकुट, कुणी तर सिंह. तो सिंह पडद्यावरून डरकाळी फोडत जातो आणि त्याचे म्हणे पैसे होतात, अर्धे त्या ॲपवाल्यांचे, अर्धे आपले. सिंह आला की पोरीनं नाव वाचून म्हणायचं, "थँक्यू दादा, थँक्यू ताई." नावं वाचून वाचून तिचं वाचन झरझर सुधारलं, हे धाकटा मला कौतुकानं सांगायचा. एक जण रोज यायचा आणि लिहायचा, आज मम्मी आठवली का, मग रडली कशी नाहीस? कोण असेल तो? नोकरीवरून घरी आलेला, हातपाय धुऊन, स्वतःच्या लेकरांना अभ्यासाला बसवून, आमच्या लेकराचं रडू बघायला बसणारा. मला वाटतं, तो स्वतःला फार दयाळू समजत असेल. अशा दयेला आग लागो.

पोर वर्गात पेंगायला लागली. गुरुजी काही बोलले नाहीत. उलट सव्वीस जानेवारीला शाळेत तिचा सत्कार ठेवला. गावचे पुढारी आले. शाल, नारळ, हार. पुढारी म्हणाले, या लेकीनं आपल्या गावाचं नाव जगात नेलं, ऊसतोड मजुराचं दुःख वेशीवर टांगलं. टाळ्या झाल्या. ती उभी होती त्या भिंतीवर शाळेनं रंगवलेलं आहे, बालकांना कामाला लावणे गुन्हा आहे. बरोबर तिच्या डोक्यावर. फोटोत तेही आलंय. त्या भिंतीखाली उभं राहून कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? आमच्याकडे काम म्हणजे काय याची एक समजूत पक्की आहे. घाम आला, कंबर वाकली, तर काम. सावलीत बसून बोलणं म्हणजे खेळ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम सहसा घेत नाही, कारण एकानं तोडायचा तर दुसऱ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. बरोबर आलेली लेकरं कोयत्यात धरत नाहीत. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून माझ्या आईबापाच्या मागं फडात होते. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायचे, मोळीला बंद द्यायचे, तान्ह्या भावाला पाचटावर निजवून त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलायच्या, पाणी आणायचं. संध्याकाळी हाताला उसाच्या पात्यांनी बारीक बारीक चिरा पडलेल्या असायच्या. मुकादमाला कुणी विचारलं तर तो सांगायचा, पोरगी आलीय आईबरोबर, खेळतीय. माझं ते सगळं खेळण्यात गेलं. कुणी धरलंच नाही.

म्हणून तर आम्ही ठरवलं होतं की ही पोर फडात जाणार नाही. थोरला आणि सून तिला इथं सोडून जायचे ते एवढ्याचसाठी. आईबापाच्या मायेला सहा महिने मुकून शाळा मिळवली होती तिनं. आणि ज्याच्या भरवशावर सोडली, त्यानं घरातच फड मांडला.

मी धाकट्याला हे सांगितलं नव्हतं असं नाही. रोज सांगत होते. तो म्हणायचा, माय, तुला यातलं कळत न्हाई. खरं आहे. घरात फ्रीज आला होता, त्याला मोटरसायकल आली होती, आणि शेजारणी मला म्हणत होत्या, तुमचं नशीब उघडलं. मी ओरडले की सगळे मलाच हसायचे.

माघात बघणारी माणसं कमी व्हायला लागली. पोरीचं रडू जुनं झालं. मग धाकट्यानं नवीन काढलं. तिला बाजेवर गोधडी पांघरून निजवलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, गालाला कसलंतरी लाल लावलं. पोरीनं डोळे मिटले, ट्रॅक्टर आठवला आणि म्हणाली, "मम्मी, मला लई ताप हाय. तू ये." मी त्या वेळी पीठ आणायला गिरणीत गेले होते. परत आले तर पोर बाजेवर बसून बिस्कीट खात होती.

शूटिंग असलं की धाकटा घरातले सगळे फोन बंद करून फडताळात ठेवायचा. माझा बटणांचा फोन एकदा मध्येच वाजला होता, तेव्हापासून त्यावर त्याचा जास्त राग. त्या दिवशी तो बंद केला तो बंदच राहिला. मला काय, मला कोण रोज फोन करतंय.

तिकडं कोल्हापूरकडं फडातून आल्यावर शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, एक बाई माझ्या सुनेपुढं फोन घेऊन आली. म्हणाली, अगं, तुझीच ना ही? सुनेनं बघितलं. तिला कसं कळणार की ते खोटं आहे? तिचा स्वतःचा फोन साधा. लेकीचा पहिला व्हिडिओ तिनं कुणाकडून तरी बघितला होता, पुढचं सगळं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोर रडते आहे, मम्मी ये म्हणते आहे. तिनं धाकट्याला फोन लावला, तो लाइव्हमध्ये. मला लावला, माझा बंद. शेजारणीचा नंबर होता तो शेजारणीच्या नवऱ्याचा, आणि तोही दुसऱ्या कारखान्यावर. आमच्या वस्तीवरचे निम्मे फोन त्या दिवसांत कारखान्यांवरच असतात. तिनं रात्र कशीबशी काढली. पहाटे मुकादमाला न सांगता उसाच्या रिकाम्या गाडीत बसून रस्त्याला लागली आणि एसटी बदलत बदलत आली.

ती आली तेव्हा दुपार कलली होती. धाकटा दुसरा भाग काढत होता, ताप उतरल्याचा. पोर बाजेवर, कपाळावर पट्टी. मी चुलीपाशी त्याच्याशी भांडत बसले होते. सून दारातून आत आली. अंगावर फडातलीच साडी, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच, पायाला चिखल. ती कुणाकडं न बघता सरळ बाजेपाशी गेली आणि लेकीच्या कपाळावरची पट्टी काढून तिथं हात ठेवला. मग गळ्याला. मग पोटाला. अंग गार.

पोरीनं आईला बघितलं. चार महिन्यांनी बघितलं. मला वाटलं, आता हिच्या गळ्यात पडेल. ती उठून बसली, आईकडं बघितलं, मग काठीवर लावलेल्या फोनकडं, मग चुलत्याकडं. आणि हळूच विचारलं,

"काका, आता रडू का?"

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. सून लेकीच्या तोंडाकडं बघत होती, जसं अनोळखी गावात आपण पाटी वाचतो तसं. आणि माझा धाकटा, माझ्या पोटचा, त्यानं काय म्हणावं? अगदी अदबीनं म्हणाला,

"वैनी, जरा परत भाईर जाता का? दारातून येताना घेतो. खरंखुरं हाय, लई चालंल."

सून म्हणाली, "भाऊजी, हिला ताप कवा आलता?"

"ताप कुठं आलाय वैनी. ते व्हिडिओपुरतं."

ती त्याच्यावर ओरडली नाही. लेकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या विस्कटलेल्या केसांत बोटं घालून गुंता काढायला लागली. पोर अजून फोनकडंच बघत होती. तेव्हा मी उठले. काठीवरून तो फोन ओढून काढला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातला, वर झाकण दाबलं आणि डब्यावर बसले. मी अंगानं भरलेली आहे. धाकट्यानं मला हलवायचं बघितलं आणि सोडून दिलं. माझ्याखाली तो फोन टुंगटुंग वाजत होता. कुणाकुणाला पोरीच्या तापाची काळजी लागली असेल, ती पिठात गेली.

मग भांडण झालं. धाकटा म्हणाला, यात काम काय हाय? ती ऊस तोडती का, ओझं उचलती का? सावलीत बसून चार शब्द बोलायचे. शहरातली लेकरं गेम खेळून दाखवतात, खेळणी उघडून दाखवतात, त्यांच्या आईबापाला कुणी बोलत न्हाई. आमी काय केलं का तमाशा सुरू झाला.

"एवढं सोपं हाय तर तू रड की," मी म्हटलं.

"माझं रडणं कोण बघंल बे?" तो आईला बे म्हणाला.

शहरातल्या लेकरांचं मला ठाऊक नाही. पण त्यांनाही कुणी संध्याकाळी खेळायला सोडत नसेल आणि सोडायचं का हे दुसराच कुणी ठरवत असेल, तर त्यांच्या घरातही फडच मांडलेला आहे, फरशीवर मांडलाय एवढंच.

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला, माझ्या बटणांच्या फोनवर. तो आता चालू केला होता. थोरल्याचा आता अर्धा कोयता झाला होता. अर्धा चालणार न्हाई, मुकादम म्हणाला, बाईला लगेच पाठवा न्हाईतर दुसरी जोडी बघतो. वर म्हणाला, पोरीचा एवढा जीव असंल तर तिलाबी आणा, मोळ्या बांधू लागंल, खेळंल तिथं. खेळंल. तोच शब्द. इतकी वर्षं झाली, मुकादम बदलला, शब्द तोच.

सून म्हणाली, "घेऊन जाते, आत्याबाई. राबायचंच हाय तर माझ्या डोळ्यांपुढं राबंल." ती काही चुकीचं बोलत नव्हती. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण माझे हात मला दिसत होते, त्या चिरा अजून बोटांच्या पेरांवर आहेत. मी म्हटलं, थांब. या घरात सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, जिच्यासाठी चाललंय तिला कुणी विचारलं का?

मी पोरीला जवळ घेऊन विचारलं, बाई, तुला काय पायजे?

तिनं आधी चुलत्याकडं बघितलं. मी तिची हनुवटी माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "वेणी सोडायची न्हाई." जरा थांबून म्हणाली, "सांजच्याला खेळायला जायचं." आणि मग, आईच्या साडीचा काठ बोटाला गुंडाळत, अगदी हळू, "मम्मी इथं."

एवढंच. यातलं एकही मागणं असं नव्हतं जे आम्हाला देता आलं नसतं.

मी धाकट्याला म्हटलं, भावाचा कोयता अर्धा तुझ्यामुळं झालाय, पुरा तू कर. दोन भाऊ मिळूनही कोयता होतो. मुकादमाला बाईच पाहिजे असं नाही, त्याला दोन माणसं पाहिजेत. धाकटा हसला. मी हसले नाही. मग त्याला कळलं की फोन पिठाच्या डब्यात आहे आणि डबा माझ्या ताब्यात आहे. दोन दिवस तो रुसून मोटरसायकलवर फिरला, मित्रांकडं जेवला, पुढाऱ्याकडं माझी तक्रारसुद्धा करून आला. पुढारी म्हणाले म्हणे, माय कशी का असंना, मायच हाय. शेवटी थोरल्यानं फोन केला. थोरला कमी बोलतो. भावाला एवढंच म्हणाला, "उद्या ये. कोयता धार लावून ठेवलाय." दुसऱ्या दिवशी धाकटा गेला. त्याच्या हातावर दही ठेवलं. "येतो" म्हणाला. आम्ही "ये" म्हटलं. कुणी रडलं नाही. पोर मागच्या अंगणात शेळीला पाला घालत होती, तिला बसवावं लागलं नाही.

त्याला फोन मी परत दिला. पीठ झटकून दिला. तिकडं जाऊन त्यानं स्वतःचेच व्हिडिओ टाकले, ऊस तोडताना, हाताला फोड आलेले, घाम गाळताना. कुणी बघेना. सून मला हसत सांगायची, आत्याबाई, भाऊजींच्या फोडाला एक फूल आलं. मला मात्र त्यात फार हसू येत नव्हतं. त्याचे हात खरे सोलले होते. पण चांगला वाढलेला गडी खरं राबतो ते कुणाला बघायचं नाही आणि लेकरू खोटं रडतं ते सगळ्यांना बघायचं आहे, हे तिथं फडात उभं राहून त्याला कळलं असेल तर बरंच झालं. पाडव्याला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि दोघं परत आले. धाकटा वाळला होता. पोरीसाठी त्यानं रिबिनी आणल्या होत्या, लाल. तिनं घेतल्या. त्याच्या मांडीवर मात्र ती अजून बसत नाही.

तुम्हाला वाटेल, मिटलं. मीही असंच समजून होते. धाकट्याला सांगून मी ते सगळे व्हिडिओ काढायला लावले. त्यानं काढले, माझ्यासमोर काढले. पण ते तोवर दुसऱ्यांनी उचलून आपापल्या नावावर लावले होते, खाली गाणं घालून. पोर इथं अंगणात लंगडी घालत असते आणि कुठंतरी कुणाच्या तरी तळहातावर ती अजून ट्रॅक्टरमागं पळत असते. तिच्या त्या पळण्यावर अजून कुणीतरी खातंय. तिला कधीच सुट्टी नाही. कुणाकडं जाऊन मागायची? मी फाट्यावरच्या पोलिसालाही विचारलं. तो म्हणाला, आज्जी, तुमच्याच पोरानं टाकलं ना?

परवा तेलगावच्या बाजारात गेलो होतो, मी आणि पोर. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात नवी चप्पल. मी टरबूज घेतलं, पिशवीत टाकलं. तेवढ्यात एक बाई थांबली, चांगली शिकलेली वाटत होती, बरोबर तिची स्वतःची लेक, हातात कुल्फी. म्हणाली, अगंबाई, ही ती तापातली पोरगी ना? बरी झाली का गं? पोरीनं माझा पदर धरला. बाईनं पर्समधून फोन काढला आणि लाडानं म्हणाली, एकदा "मम्मी जाऊ नको" म्हण की, माझ्या नणंदेला पाठवते, ती फॅन आहे तुझी.

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण माझ्याआधी पोरच बोलली, पदर न सोडता, बाईकडं सरळ बघत.

"न्हाई. मला सुट्टी हाय."

बाई खळखळून हसली. किती गोड, म्हणाली, आणि फोन तसाच वर धरून आणखी एक पाऊल पुढं आली. आम्ही सगळे जे इतके महिने खेळ म्हणत होतो, ते काम होतं हे पोरीनं एका शब्दात सांगितलं होतं, आणि ती बाई तेही फोनात भरून न्यायला निघाली होती. मी हातातली पिशवी उचलली आणि फोनच्या आणि पोरीच्या मध्ये धरली. टरबूज चांगलं मोठं होतं, हात भरून आला. बाईनं फोन पर्समध्ये घालून चेन लावेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.